पूर्वेचा हात

छोटीने आधी पश्चिमेची पत्त्यांची तेरा पानं पुसली, मग पूर्वेची. संगणकाच्या पडद्यावर मधला चौकोन उरला, त्याच्या वर उत्तरेचा हात, खाली दक्षिणेचा, आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा. मान मागे नेऊन तिने ती जागा डावीउजवीकडे सारखी दिसते ना ते पाहिलं.

“पुसायच्या आधी मोजलीस का?” मागच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले.

“मोजली.”

“झाकायचीसुद्धा?”

“अण्णा, तीच तर आधी मोजते.”

अण्णांचं समाधान झालं नाही. अण्णा म्हणजे तिचे वडील. नकाशे काढण्याच्या खात्यातून रिटायर झाल्यापासून ते एका साप्ताहिकात ब्रिजचं सदर लिहीत होते, आणि आता त्या सदराचं पुस्तक निघत होतं. पुस्तकांची मांडणी करणं हा छोटीचा धंदाच, त्यामुळे हे काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. चाळिशी उलटली, कानामागे पांढरं दिसू लागलं, नवरा भांगाला नावं ठेवू लागला, तरी घरात ती छोटीच होती. आणि छोटीला तेरापर्यंत मोजता येतं यावर वडिलांचा अजून पुरता विश्वास बसायचा होता.

पुस्तकाची रीत सरळ होती. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार दिशांना बसलेल्या चौघांपैकी एकाच्या खुर्चीत वाचकाला बसवायचं. त्याला त्याचा स्वतःचा हात, म्हणजे त्याची तेरा पानं, आणि टेबलावर उघडा पसरलेला डमीचा, म्हणजे बोली जिंकणाऱ्याच्या भिडूचा, हात, एवढंच दाखवायचं. उरलेले दोन झाकायचे आणि विचारायचं, आता काय खेळाल? पृष्ठ उलटलं की चारही हात उघडे आणि खाली अण्णांचं उत्तर. राजा आणि राणी यांचं पहिलं अक्षर एकच, म्हणून आकृतीत छोटीने राजाला ‘रा’ ठेवलं होतं आणि राणीला ‘णी’. ‘णी’ हे काय राणीचं नाव झालं, म्हणून अण्णांनी एक अख्खी दुपार कुरकुर केली होती.

छोटी अर्धी आकृती कधीच काढत नसे. बावन्न पानं मांडायची, चार वेळा तेरा मोजायचे, आणि मगच दोन हात पुसायचे. जे कुणाला दिसणार नाही तेही खरं असायला हवं, ही शिस्त मात्र अण्णांचीच. एकदा साप्ताहिकात झाकलेल्या हातात इस्पिकची दुसरी राणी निघाली होती, तर आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

“आता हा शेवटचा,” अण्णांनी उठून एक कागद तिच्यापुढे ठेवला. “सोमवारी सगळं छापखान्यात जाऊ दे.”

कागदावर चारही हात त्यांच्या ठसठशीत अक्षरात मांडलेले होते. वर मथळा होता, ‘एका भिडूची चूक’.

छोटीने तो वाचला. हा डाव तिने पाहिला नव्हता, पण ऐकून ऐकून तिला तो पाठ झाला होता.

“यात कुठले दोन हात झाकू?”

“एकही नाही. यात झाकण्यासारखं काय आहे? चारही हात उघडे टाक. आंधळ्यालासुद्धा दिसेल काय खेळायचं होतं ते.”

“अण्णा, आत्या वाचेल हे.”

“मी कुणाचं नाव घेतलंय का?” अण्णा म्हणाले आणि फिरायला जायची काठी शोधू लागले. काठी समोरच भिंतीला टेकलेली होती.

नाव घ्यायची गरजच नव्हती. अण्णा आणि त्यांची धाकटी बहीण ही जोडी क्लबात सगळ्यांना माहीत होती. ब्रिजमध्ये भिडू समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी बोलायची बंदी असते. या दोघांना बोलायची गरजही भासत नसे. लहानपणी ताप आला की एकाच गादीवर आडवं पडून पत्ते खेळलेली ही भावंडं, समोरच्याच्या श्वासावरून हातात काय आहे ते ओळखत, असं लोक म्हणायचे. मग एका वर्षी स्पर्धेच्या अंतिम फेरीत, शेवटच्या डावाला, आत्याने चौकट खेळायच्या जागी बदाम खेळला. डाव गेला आणि त्याबरोबर ढालही. अण्णांनी हातातली चौकटची पाच पानं भरल्या हॉलमध्ये टेबलावर आपटली. “हे बघ काय होतं माझ्याकडे! डोळे घरी ठेवून आलीस का?” एवढं बोलून ते उठले, ते पुन्हा बहिणीसमोर पत्ते घेऊन बसलेच नाहीत.

भांडण म्हणावं तर ते झालंच नाही. आत्या एका शब्दाने बोलली नाही. लग्नकार्याला, आजारपणाला दोघं येत-जात राहिली, हवापाण्याचं बोलत राहिली. अण्णांनी मात्र तो डाव जो भेटेल त्याला सांगितला. दूधवाल्याला ब्रिजमधलं काही कळत नाही, हे त्यांना दूधवाल्याला सांगून झाल्यावर कळलं.

आता तो डाव पुस्तकात जाणार होता. बोलण्यातलं विरून जातं, छापलेलं राहतं. आणि आत्याने तर छोटीला केव्हाच सांगून ठेवलं होतं, पुस्तकाची पहिली प्रत माझी.

अण्णा फिरायला गेले. छोटीने सवयीने बावन्न पानं मांडायला घेतली. हॉलमध्ये आत्या पश्चिमेला बसली होती, अण्णा पूर्वेला. चार वेळा तेरा बरोबर भरले. खालचा मजकूर असा होता: प्रतिस्पर्ध्यांनी बिनहुकमी बोली जिंकली. आत्याने इस्पिकची उतारी केली, तो पहिला दस्त, म्हणजे चार पानांची पहिली फेरी, त्यांनी घेतला. दुसऱ्या दस्ताला किलवर आले, अण्णांनी आपल्याकडचा एकुलता एक किलवर टाकला. तिसऱ्या दस्ताला पुन्हा किलवर. आत्याने एक्क्याने मारला. अण्णांकडे किलवर संपलेले, म्हणून त्यांनी दुसऱ्या रंगाचं पान टाकलं. इथेच सगळी मेख होती. असं पान टाकताना मोठं टाकलं तर भिडूला त्याचा अर्थ, या रंगात ये. ‘पूर्वेने चौकटची नव्वी टाकून स्वच्छ सांगितलं,’ अण्णांनी लिहिलं होतं, ‘तरीही पश्चिमेने बदाम खेळला. बोली जिंकलेल्याने हसत हसत पानं उघडी टाकून डाव संपवला. पूर्वेच्या हातात चौकटची पाच पानं तशीच राहिली: एक्का, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी.’

छोटी तिसऱ्या दस्तानंतरची आकृती काढत होती, म्हणजे खेळलेली पानं एकेक करून हातातून काढून टाकत होती. पूर्वेच्या हातातून तिने इस्पिकचं पान काढलं, किलवर काढला, चौकटची नव्वी काढली. मग मजकुराशी ताडून पाहिलं.

चौकटची चारच उरली होती.

तिला वाटलं, आपल्याच हातून कुठे तरी एक पान गळलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून मांडलं. अण्णांकडे मुळात चौकटची पाचच पानं. त्यातलं एक टाकलं, तर शेवटी टेबलावर पाच कशी आपटली? आणि आपटली होती पाचच, ती तर भरल्या हॉलने पाहिली होती. नव्वी टाकलेली तरी असेल, नाही तर हातात तरी. दोन्हीकडे कशी असेल?

तिने खुर्ची मागे सरकवली. एवढी वर्षं हा डाव घरात ताटावर, गच्चीत, दवाखान्याच्या बाकावर सांगितला गेला होता. सांगणाऱ्याने तो फक्त तोंडी सांगितला होता आणि ऐकणाऱ्यांनी फक्त ऐकला होता. तो कुणी मांडून पाहिलाच नव्हता.

मग तिने अण्णांच्या तेरा पानांकडे पाहिलं. बदामची तीन होती: चव्वी, पंजी आणि नव्वी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याच्या दुकानात गेली. आत्याचं औषधांचं दुकान होतं. साठी उलटली तरी ती स्वतः काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसायची आणि चिठ्ठीवरचं कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचायची. छोटी गेली तेव्हा ती फळीवरच्या दोन डब्या हातात घेऊन मदतनीस बाईंना काही सांगत होती. डब्या सारख्याच आकाराच्या, सारख्याच निळ्या पट्ट्याच्या होत्या.

“या दोघींना शेजारी ठेवू नका. एक त्या टोकाला, एक या टोकाला. मध्ये दुसरं काही तरी येऊ द्या.”

“नाव वाचूनच देते की मी,” बाई म्हणाल्या.

“देता हो. पण गर्दीत डोळे रंग बघतात, नाव नाही. उद्या माझ्याही हातून होईल. ये गं छोटी, पुस्तक झालं का?”

छोटीने स्टूल ओढून घेतलं. लहानपणी पत्ते लावायलाही तिला आत्यानेच शिकवलं होतं: काळ्याशेजारी लाल, लालशेजारी काळं, लालला लाल चिकटू द्यायचं नाही. अण्णांना हे लाड मान्य नव्हते. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा पुस्तकी क्रम. ते त्यातच लावत, चढत्या क्रमाने, रंगाला रंग लागून.

“शेवटचा डाव राहिलाय,” छोटी म्हणाली. “तुमच्या अंतिम फेरीतला.”

आत्याचा चेहरा फारसा बदलला नाही. हातातली डबी तिने उगीचच पुसली.

“घेतला का शेवटी तो? घेईल वाटलंच होतं.”

“तुला आठवतो?”

“न आठवायला काय झालं?” आत्या म्हणाली आणि खरोखरच घडाघडा सांगू लागली. आपली तेरा पानं, डमीची तेरा, पहिला दस्त, दुसरा दस्त, कुणी काय टाकलं, बोलीवाल्या गृहस्थांनी दर पानाआधी कसा चष्मा वर सारला. “माझ्याकडे लाल रंगांत सगळा कचरा. बदामची अठ्ठी, तिर्री, दुर्री आणि चौकटचीही अठ्ठी, तिर्री, दुर्री. समोर डमीत दोन राजे, बदामचा आणि चौकटचा, दोघांच्याही शेजारी एकेक छक्की. आरशात बघावं तसं सारखं. अण्णाकडे दोनांपैकी एक एक्का असणार हे नक्की. कुठला, एवढाच प्रश्न.”

“आणि तिसऱ्या दस्तावर अण्णांनी काय टाकलं?”

आत्याने डबी फळीवर ठेवली. मग ती उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

“ते नाही गं आठवत.”

“चष्मा वर सारला ते आठवतं आणि हे नाही?”

“वय झालं,” आत्या म्हणाली. “आणि छोटी, जे अण्णाने लिहिलंय ते तसंच जाऊ दे. म्हातारपणी कशाला त्याला हलवायचं?”

एक गिऱ्हाईक आलं. आत्या चिठ्ठी वाचायला वळली. छोटी थोडा वेळ तिथेच बसून राहिली. आपल्या आत्याला आपण ओळखतो असा तिचा आजवर समज होता, तो काही खरा नव्हता. ही बाई इतकी वर्षं मूग गिळून बसली, आणि तेही मूर्ख ठरून. छोटीला तिचा राग आला आणि तिथेच काउंटरवर डोकं टेकून रडावंसंही वाटलं. त्यातलं काहीच न करता ती खोकल्याचं औषध विकत घेऊन घरी आली. खोकला कुणालाच नव्हता.

घरी येऊन तिने ती आकृती पुन्हा काढली. या वेळी पुस्तकाच्या रीतीप्रमाणे, जिला ठरवायचं होतं तिच्या खुर्चीत वाचकाला बसवून. पश्चिमेचा हात उघडा ठेवला, डमीचा उघडा ठेवला. दक्षिणेचा पुसला. मग पूर्वेचाही पुसला. चौकटची पाचही पानं गेली. उरलेल्याकडे ती बघत राहिली. दोन सारखे राजे, दोन सारख्या अठ्ठ्या, आणि उजवीकडे काहीच नाही. आंधळ्यालाही दिसेल असं अण्णा म्हणाले होते. इथून तर काहीच दिसत नव्हतं. खाली तिने एक ओळ घातली, ‘तिसऱ्या दस्तावर भिडूने टाकलेलं पान:’, आणि पुढे जागा कोरी सोडली.

दुपारी चहाबरोबर तिने प्रूफ अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी चष्मा चढवला.

“माझा हात कुठे गेला?”

“झाकला.”

“मी सांगितलं होतं, यात काही झाकायचं नाही म्हणून.”

“रीत तुमचीच आहे, अण्णा. खेळणाऱ्याला जेवढं दिसत होतं तेवढंच दाखवायचं. बाकी सगळे डाव तसे, मग हाच का वेगळा?”

अण्णांनी तोंड वाकडं केलं. त्यांनी प्रूफ जवळ ओढलं. पश्चिमेच्या खुर्चीत बसून त्यांनी हा डाव कधी पाहिलाच नव्हता, ते त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. बोट बदामच्या राजावर गेलं, मग चौकटच्या राजावर, मग परत.

“ही जागा कोरी का?”

“तिथे काय घालू ते विचारायचं होतं.”

“चौकट नव्वी घाल. यात काय विचारायचं? साऱ्या गावाला ठाऊक आहे.”

“घालते. मग पलीकडच्या मजकुरात पाचचे चार करते.”

“कशाचे चार?”

“तुमच्या हातात राहिलेली चौकटची पानं. पाचांतलं एक टाकलं तर चार राहतात ना.”

“चार नव्हती, पाच होती!” अण्णांचा आवाज चढला. “मी आपटली ना टेबलावर, या हाताने! एक्का, राणी, गुलाम, दश्शी…”

ते थांबले.

मग त्यांनी खण उघडून पत्त्यांचा जोड काढला. त्यातून आपली तेरा पानं शोधून बाजूला केली. त्यांची बोटं आता पूर्वीसारखी चालत नव्हती, पण लावायचा क्रम तोच होता: इस्पिक, मग बदाम चढत्या क्रमाने, चव्वी, पंजी, नव्वी, मग चौकट, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, एक्का. शेवटी एकटा किलवर. त्यांनी पंखा उघडला आणि नेहमीच्या अंतरावर धरला.

मधोमध दोन लाल नव्व्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पंख्यात पानाचा फक्त कोपरा दिसतो, आणि दोन्ही कोपऱ्यांत लाल नऊच.

अण्णांनी एक नव्वी उपसली, टेबलावर टाकली, पाहिली. परत जागेवर खोचली. पुन्हा उपसली. छोटीला त्यांच्याकडे बघवेना. तिने बशी उगीचच उचलून ठेवली. आपण हे करायला नको होतं, असं तिला एकदम वाटलं. आत्या म्हणत होती तेच बरोबर. या वयात माणसाच्या हातून त्याची खात्री काढून घेऊन त्याला द्यायचं काय?

“तिला माहीत होतं?” अण्णांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

“आत्याला त्या डावातलं पान न् पान आठवतं, अण्णा. मला सगळं सांगितलं. फक्त हे एक आठवत नाही म्हणाली.”

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

“मी त्या दूधवाल्याला सांगितलं गं,” ते म्हणाले. “दूधवाल्याला!”

छोटी हसली नाही. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, एरवी झटकला असता.

“हे पृष्ठ काढून टाकू या का?” तिने विचारलं. “एक डाव कमी झाला तर कुणाला कळणारही नाही.”

“काढायचं नाही.” अण्णांनी पेन मागितलं. “आणि रविवारी तिला बोलाव. जावयांनाही सांग, कुठे जाऊ नका म्हणून. चौथा लागेल.”

छापखान्याला छोटीने कळवलं की सोमवारचं काही जमणार नाही, मंगळवारी देते.

रविवारी आत्या आली. दारात चपला काढताना तिने आत टेबलाकडे पाहिलं. टेबल मोकळं केलेलं, चार बाजूंना चार खुर्च्या, मध्ये पत्ते. चप्पल काढायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. छोटीचा नवरा आधीच बसला होता. त्याला ब्रिज जेमतेम येत होता आणि आज आपल्या खेळाकडे कुणाचं लक्ष असणार नाही, या कल्पनेने तो खुशीत होता.

अण्णांनी प्रूफ तिच्यापुढे सरकवलं.

“हे बघ. काही चुकलं असेल तर सांग.”

आत्याने चष्मा लावला. वरचा मथळा अण्णांनी पेनाने खोडला होता. त्याच्या जागी बाकी सगळ्या डावांवर असतं तेच होतं, ‘आता काय खेळाल?’ कोऱ्या जागेत त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘बदाम नव्वी’. आत्याने पृष्ठ उलटलं. उत्तर त्यांनी नव्याने लिहिलं होतं, दोनच ओळींत: ‘बदाम. याहून वेगळं खेळणाऱ्याचा भिडूवर विश्वास नाही असं समजावं. चूक पूर्वेची आहे.’

आत्याने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून हातात धरला.

“छोटीचे उद्योग हे,” ती म्हणाली.

“तेव्हाच ते पान उलटून दाखवायचं होतंस,” अण्णा म्हणाले. त्यांना रागवायचं होतं की काय, ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं. “माझ्याच पुढ्यात पालथं पडलं होतं. हात लांब केला असतास तर…”

“सगळ्यांसमोर?”

छोटीचा नवरा पत्ते पिसत होता, त्याने हात थांबवला.

“मग नंतर सांगायचंस,” अण्णा म्हणाले.

“नंतर तू विचारशील असं वाटलं होतं. बदाम का खेळलीस, एवढंच. आज विचारेल, उद्या विचारेल.” आत्या सावकाश बोलत होती, हिशेब मागायचा म्हणून नव्हे, विचारलं म्हणून. “विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मग फार दिवस झाले. मग सांगण्यात काही अर्थ राहिला नाही.”

“चुकलं माझं,” अण्णा म्हणाले. “पान टाकायला चुकलं ते सोड. ते कुणाचंही चुकतं.”

आत्याने मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते छोटीला कळलं नाही. आत्याने प्रूफची नीट घडी घातली आणि ते आपल्या पर्समध्ये टाकलं. छापखान्यात द्यायची तीच प्रत होती, पण मागायचं कुणी? छोटीने मनात म्हटलं, आता बुधवारी देऊ.

“वाटू का?” नवऱ्याने विचारलं आणि कुणी काही म्हणायच्या आत वाटायला लागला.

पानं आली. चौघांनी उचलली. अण्णांनी सवयीप्रमाणे लावायला घेतली, इस्पिक, बदाम, चौकट. समोर आत्या आपली पानं लावत होती. तिने नजर वर केली नाही.

“लालशेजारी लाल ठेवलंयस ना?” ती म्हणाली.

“खेळताना भिडूशी बोलायचं नसतं.”

“नाही बोलले, तर काय झालं ते बघितलंस ना?”

अण्णांनी पंख्याच्या टोकाचे किलवर उपसले आणि बदाम आणि चौकट यांच्या मध्ये खोचले. त्यांची बोटं अडखळली, दोन पानं खाली पडली, ती त्यांनी वाकून उचलली. मग पंखा पुन्हा उघडला आणि म्हणाले,

“हं. बोला आता.”